न सुटणाऱ्या सुरातली प्रार्थना : एका उपासिकेचे प्रकरण

ओळख पटू नये म्हणून या प्रकरणातले वय, नाती आणि मंडळीचे (एका चर्चच्या सभासदांच्या समूहाचे) काही तपशील बदलले आहेत. घटनाक्रम, घेतलेले निर्णय आणि संगीताचे तांत्रिक तपशील जसेच्या तसे ठेवले आहेत. रूढ उपासनेत न बसणाऱ्या ख्रिस्ती संगीतात एखाद्याला प्रार्थनेची वाट सापडते तेव्हा पाळक (चर्चचे धर्मगुरू), कॉयर (चर्चचा गायनवृंद) आणि ती व्यक्ती यांच्यापुढे कोणते प्रश्न उभे राहतात, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

उपासिका पंचेचाळिशीची. कॉयरमध्ये पंधरा वर्षे अल्टो (स्त्रियांमधला खालचा आवाज) गाणारी, स्वरलिपी वाचता येणारी. मंडळी मध्यम आकाराची, रविवारी साधारण शंभर-सव्वाशे माणसे. उपासनेत दोन प्रकारचे संगीत चाले : ऑर्गनवर चार आवाजांत गायली जाणारी जुनी भक्तिगीते आणि गिटार-ड्रमच्या साथीने होणारी आधुनिक स्तुतिगीते.

घरी तिची आई स्मृतिभ्रंशाने आजारी. आजाराचे सहावे वर्ष सुरू होते. आईला लेक ओळखू येईना, पण शरीर बरेचसे धडधाकट. रात्रीची जाग तिच्याकडे असे, त्यामुळे सलग तीन-चार तासांपलीकडे झोप नाही. मंडळीतले लोक प्रेमाने विचारपूस करत, जेवण पोहोचवत. त्यांच्या मायेत काही उणे नव्हते, हे मुद्दाम नोंदवायला हवे. अशा प्रकरणांत मंडळीला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे असते, आणि त्यातून काहीच हाती लागत नाही.

अडचण नेमकी कुठे होती

तिने गाणे थांबवले तेव्हा घशाचे कारण सांगितले. सात-आठ महिन्यांनी पाळकांशी सविस्तर बोलणे झाले तेव्हा खरी अडचण कळली, आणि ती गाण्याच्या रचनेतच होती.

आधुनिक स्तुतिगीताची घडण बहुधा ठरलेली असते. चार-पाच मिनिटांचे गाणे, कडवे, ध्रुवपद, मग ब्रिज, म्हणजे शेवटच्या ध्रुवपदाआधीचा वेगळा भाग. दुसऱ्या कडव्याला ड्रम येतात, ब्रिजमध्ये एकच ओळ चढत्या आवाजात पुन्हा पुन्हा येते, क्षणभर सगळी वाद्ये थांबतात आणि शेवटचे ध्रुवपद पूर्ण ताकदीने कोसळते. शेवट मूळ स्वराच्या कॉर्डवर. शब्दही त्याच वळणाने जातात : रात्र होती, पहाट झाली, बंधन होते, सुटले. ही रचना वाईट नाही. ज्याची रात्र सरली आहे त्याला आभार मानायला तिच्याइतके सोयीचे साधन नाही. या बाईची रात्र सरत नव्हती. आई बरी होणार नव्हती आणि गेलीही नव्हती. ब्रिज सुरू झाला की तिचा आवाज बंद पडे. तिने पाळकांना सांगितले, “ते शब्द मला खोटे वाटत नाहीत. ते माझ्यासाठी नाहीत, एवढेच वाटते.”

रात्रीच्या जागरणात तिला एक ध्वनिमुद्रण सापडले. डूम आणि ड्रोन या मेटल संगीताच्या अतिसंथ उपप्रकारांतले, ख्रिस्ती वादकांनी केलेले. लांबी एकोणीस मिनिटे. गिटारची सर्वांत जाड तार खाली उतरवून लावलेली, एकच खर्ज धरून ठेवलेला, मिनिटामिनिटाला जेमतेम बदलणारा. त्याखाली पुटपुटल्यासारखे बायबलमधल्या एका स्तोत्राचे वाचन. ते संगीत कुठेच पोचत नाही. कित्येक महिन्यांनी देवाला उद्देशून एक पूर्ण वाक्य तिच्या तोंडून निघाले ते त्या रात्री.

आणि लगेच तिला शरम वाटली. कॉयरमधली बाई हेडफोन लावून असला गोंगाट ऐकते हे कुणाला कळू नये म्हणून तिने चार महिने ते लपवले. गुपित राखल्यामुळे त्या संगीताला दोषाची छटा चढली, आणि त्याची पारख करायला कुणी सोबत उरले नाही.

त्या संगीताने नेमके काय केले, हे संगीताच्या भाषेत सांगता येते. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा परिणाम) लावलेल्या गिटारवर पूर्ण कॉर्ड वाजवला तर स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून वादक फक्त मूळ स्वर आणि पंचम वाजवतात. गंधार नसतो, आणि स्वरमेळ मेजर (उजळ) की मायनर (उदास) हे गंधार ठरवतो. त्यामुळे असा धरलेला सूर आनंदाचाही नसतो, शोकाचाही नसतो. त्यावर माणूस स्वतःचे जे आणील ते उभे राहते. शिवाय कॉर्ड बदलत नाहीत, म्हणून ताण आणि सुटका हा खेळच सुरू होत नाही. ज्याच्या आयुष्यात सुटका दिसत नाही त्याला इथे कुणी घाई करत नाही.

पाळकांनी गुंता कसा सोडवला

पाळकांनी पहिल्याच भेटीत एक मोलाचे काम केले. एकात एक गुंतलेले तीन प्रश्न त्यांनी वेगळे केले. हे संगीत उपासनेला योग्य आहे का? या बाईच्या बाबतीत ही प्रार्थना आहे की मनाचा ताण उतरवण्याची सवय? आणि मंडळीचा याच्याशी काय संबंध? या तिन्हींचे उत्तर एकदम द्यायला जाणारा माणूस बहुधा पहिल्यावरच अडकतो आणि आवडीनिवडीचा वाद घालत बसतो.

त्यांनी तिच्या शेजारी बसून, स्तोत्राचा मजकूर हातात धरून, ते एकोणीस मिनिटे पूर्ण ऐकले. शेवटी सरळ सांगितले की आपल्याला हे आवडले नाही. मग विचारले की कोणत्या ओळीला ती थांबते. सोबत करणाऱ्याला ते संगीत आवडलेच पाहिजे असे नाही. त्याने ते ऐकलेले मात्र असले पाहिजे. खोटे कौतुक केले असते तर पुढच्या महिन्यांत त्यांच्या होकार-नकाराला वजन राहिले नसते.

पहिल्या प्रश्नावर ते फार रेंगाळले नाहीत. चर्चच्या इतिहासात ‘असले संगीत उपासनेत नको’ हे वाक्य नवीन नाही. चौदाव्या शतकात पोप बाविसावे जॉन यांनी तेव्हाच्या नव्या बहुस्वरी गायनावर निर्बंध घातले. धर्मसुधारक झ्विंग्लीच्या काळात झुरिकच्या उपासनेतून संगीतच बाद झाले. दुसरा धर्मसुधारक कॅल्विन याच्या जिनिव्हात बायबलातील स्तोत्रे, तीही वाद्याविना एका आवाजात गायची, अशी रीत पडली आणि १५६२ मध्ये जिनिव्हाचे संपूर्ण स्तोत्रगायन छापून आले. इंग्रज धर्मोपदेशक आयझॅक वॉट्स यांनी १७०७ मध्ये स्वतः रचलेली गीते प्रसिद्ध केली, तेव्हा स्तोत्रांच्या जागी माणसाचे शब्द कशाला, असा वाद पुढे बराच काळ चालला. जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांनी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमध्ये जॅझची पवित्र मैफल केली. फिनलंडमध्ये २००६ पासून जुनी भक्तिगीते हेवी मेटलच्या साथीने गाणाऱ्या उपासना होत आल्या आहेत. मात्र या यादीचा अर्थ मर्यादित आहे. चमत्कारिक वाटणारे संगीत आपोआप त्याज्य ठरत नाही, इतकेच त्यातून कळते. ते या माणसासाठी, या घडीला, प्रार्थना आहे का, याचे उत्तर यादीत नाही.

खरी अडचण दुसऱ्या प्रश्नाची. संत ऑगस्टीन आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात लिहितो की, जे गायले जाते त्यापेक्षा गाण्यानेच आपण जास्त हेलावलो, तर ते पाप मानून गाणे ऐकलेच नसते तर बरे, असे त्याला वाटते, आणि तरीही चर्चमधल्या गायनाची रीत तो राखू पाहतो. हा पेच कुठल्याही संगीताला लागू आहे, ऑर्गनलाही. पाळकांनी हाच निकष धरला : संगीत थांबल्यावर शब्द उरतात का?

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय कॉयरमध्ये परत येण्याचा. कॉयरमास्टरांचे म्हणणे होते की भावना नसली तरी गात राहावे, शब्द माणसाला वाहून नेतात. हे म्हणणे पोकळ नाही. शतकानुशतके मठांमध्ये मन असो-नसो, ठरल्या वेळी स्तोत्रे म्हटली गेली आहेत. पण मठातल्या पाठात स्तोत्रसंहिता सगळी असते, विलापासकट. या मंडळीच्या गीतांच्या निवडीत विलाप जवळजवळ नव्हता, त्यामुळे तो युक्तिवाद इथे अर्धाच लागू पडत होता.

दुसरा, मंडळी बदलण्याचा. आईला सोडून दूर जाणे शक्य नव्हते, आणि जेवण पोहोचवणारी माणसे इथेच होती. हा लगेच बाजूला पडला. तिसरा, आहे तसे खाजगी चालू ठेवण्याचा. ती स्वतः याच बाजूची होती. चौथा, खाजगी ठेवायचे पण शिस्तीने आणि सोबतीने. पाचवा, रविवारच्या उपासनेत आणायचे. सहावा, वेगळी संध्याकाळची उपासना.

आधी चौथा आणि तो तपासून झाल्यावर सहावा, असे ठरले. हा क्रम बरोबर होता. स्वतःची पारख होण्याआधी मंडळीपुढे गेलेला माणूस लोकांच्या प्रतिक्रियेतच आपला अर्थ शोधू लागतो.

पहिला टप्पा : आठ आठवड्यांची शिस्त

आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटे. दोन दिवस संगीतासह, दोन दिवस संगीताशिवाय. बाकी क्रम सारखा.

आधी स्तोत्र मोठ्याने वाचायचे. मनात नाही, ओठांनी. ८८ वे स्तोत्र निवडले होते. ते अंधारात संपते आणि त्यात सावरणारा शेवट नाही. त्यानंतर संगीताच्या दिवशी आठ ते दहा मिनिटे एकच तुकडा, बिनसंगीताच्या दिवशी तेवढाच वेळ स्तोत्र पुन्हा संथपणे. मग पाच मिनिटे शांतता. शेवटी वहीत तीन ओळी : कोणता शब्द उरला, देवाला काय सांगितले, आणि पुढचा तास कसा गेला (ही ओळ दुसऱ्या दिवशी भरायची).

तिसरी ओळ सर्वांत बोलकी ठरली. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याची फळे सांगितली आहेत, त्यांत सहनशीलता आहे. संगीत ऐकून डोळे भरून आले यापेक्षा, नंतर आईला पाचव्यांदा तेच उत्तर देताना आवाज चढला का, ही नोंद पाळकांना जास्त उपयोगी पडली.

या टप्प्यात चार गोष्टी बिघडल्या, आणि अशा प्रत्येक प्रयत्नात त्या बिघडण्याची शक्यता असते.

पहिली म्हणजे आवाज. कान सरावतो, तशी पातळी वाढत जाते. ८५ डेसिबेलला आठ तास ही सुरक्षिततेची रूढ मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबेलला ती पंधरा मिनिटांवर येते. फोनमध्ये हेडफोनची कमाल पातळी बांधून ठेवली तेव्हा हे थांबले.

दुसरी, शोधाची चटक. तिसऱ्या आठवड्यात तोच तुकडा बोथट वाटू लागला आणि ती रात्री तासन्‌तास नवे तुकडे शोधू लागली. तेव्हा नियम झाला : एक तुकडा दोन आठवडे, बदल पाळकांना सांगून. बोथटपणा आला की पळायचे नाही. पहिला भर ओसरल्यावर जे राहते, तेच तपासायचे आहे.

तिसरी, न वाचलेले शब्द. घोगऱ्या गुरगुरत्या आवाजात गायलेले शब्द कळत नाहीत. तिने घेतलेल्या एका तुकड्याचा मजकूर पाहिला तर त्यात शत्रूंना शाप होते आणि देवाला उद्देशून एकही वाक्य नव्हते. स्तोत्रांतही शाप आहेत, पण ते देवापुढे बोललेले आहेत. हा फरक तिने स्वतःच टिपला. तेव्हापासून मजकूर वाचल्याशिवाय तुकडा घ्यायचा नाही असे ठरले.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर. झोपेअभावी झालेली ओढाताण आणि प्रार्थनेतली शुष्कता यांची गल्लत. पाळकांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडे जायला सांगितले होते. ती गेली सहाव्या आठवड्यात. आठवड्यातून दोन रात्री आईजवळ दुसरे कुणी थांबण्याची सोय झाल्यावर वहीतल्या नोंदी स्पष्टपणे बदलल्या. त्या बदलातला किती वाटा झोपेचा आणि किती संगीताचा, हे वेगळे करता आले नाही. संगीत उपचाराच्या जागी नव्हते आणि तसे कधी मानायचेही नव्हते.

पाचव्या आठवड्यापासून बिनसंगीताच्या दिवशीही स्तोत्रातले शब्द टिकू लागल्याची नोंद आहे. पहिल्या कडव्यात देवाला ‘माझा उद्धारक’ म्हणून मारलेली हाक, आणि त्यानंतर पूर्ण स्तोत्रभर अंधार. तिने लिहिले : “हाक मारलेली आहे. तेवढे पुरते.” याला पाळकांनी पहिला भक्कम पुरावा मानले. संगीताने दार उघडून दिले होते, आणि आता ती त्याच्याशिवायही आत जाऊ शकत होती.

निर्णयाची जागा : मंडळीपुढे न्यावे का

तिला नेण्याची इच्छा नव्हती. आग्रह पाळकांचा होता, आणि त्यामागे कारण होते : मंडळीत दीर्घ आजाऱ्याची सेवा करणारी आणखी सहा-सात घरे होती आणि त्यांतले निम्मे लोक उपासनेला येईनासे झाले होते.

रविवार नाकारला गेला तो करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायाच्या आधारे. तिथे प्रेषित पौलाची अट साधी आहे : जे काही कराल ते सर्वांच्या उन्नतीसाठी, आणि ज्याचा अर्थ कळत नाही ते बोलणे वाऱ्याशी बोलणे. लहान मुले, श्रवणयंत्र लावणारे ज्येष्ठ, पहिल्यांदा आलेले पाहुणे अशांच्या सभेत हे संगीत आणायचे तर त्याला इतके बोथट करावे लागले असते की ज्यांच्यासाठी आणले त्यांनाच ते निरुपयोगी ठरले असते. संध्याकाळची वेगळी उपासना, येणाऱ्याने समजून यावे अशी, हा पर्याय त्यामुळे उरला.

पहिली संध्याकाळ आणि ती का फसली

ध्वनिमुद्रण वाजवण्याऐवजी प्रत्यक्ष वादक बोलावले. बाहेरचा चौघांचा संच : दोन गिटार, बास, ड्रम. गाणारा त्यांचाच. चाळीसच्या आसपास माणसे आली. चौदा मिनिटांची मुख्य रचना संपायच्या आत पाच जण उठून गेले आणि शेवटी टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या, तिथेच कळायला हवे होते : लोकांनी कार्यक्रम पाहिला होता.

तांत्रिक चुका एकेक करून पाहू. सभागृहाच्या भिंती उघड्या गिलाव्याच्या, प्रतिध्वनी विरायला दोन सेकंदांहून जास्त लागत. संचाने मधला भाग मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत, डबल-किक ड्रमवर (दोन्ही पायांनी वाजवायच्या) वाजवला. मात्रेला चार ठोके, म्हणजे सेकंदाला बारा ठोके. दोन सेकंदांच्या गुंजारवात असे चोवीस ठोके एकमेकांवर चढतात आणि फक्त गडगडाट उरतो. अशा जागेत संथ संगीत चालते, वेगवान चालत नाही. जुन्या दगडी चर्चमध्ये एकसुरी मंत्रगायन खुलते त्यामागेही ध्वनीचे हेच कारण आहे.

तिसऱ्या ओळीत मोजलेली पातळी १०२ डेसिबेलपर्यंत गेली. त्या पातळीला सुरक्षित वेळ दहा मिनिटांच्याही आत येतो, आणि रचना चौदा मिनिटांची होती. श्रवणयंत्र लावलेले एक ज्येष्ठ गृहस्थ कानावर हात ठेवून बाहेर पडले.

खर्जाचीही गडबड होती. गिटारची जाड तार डी (पाश्चात्त्य स्वरनाम) वर उतरवली होती, म्हणजे सुमारे ७३ हर्ट्‌झ. या स्वराची लहर जवळपास ४.७ मीटरची. सभागृहाची रुंदी साडेनऊ मीटरच्या आतबाहेर, म्हणजे लहरीच्या बरोबर दुप्पट. अशा खोलीत तो स्वर काही खुर्च्यांवर दुप्पट धडकतो आणि काही खुर्च्यांवर नाहीसा होतो. ॲम्प (गिटारचा आवाज वाढवणारे यंत्र) कोपऱ्यात ठेवल्यामुळे ते आणखी वाढले.

पण सर्वांत मोठी चूक ध्वनीची नव्हती. कुणाला काही करायला नव्हते. शब्द कळत नव्हते, हातात कागद नव्हता, गाण्यात सामील होण्याची जागा नव्हती. घरी ती स्तोत्र ओठांनी वाचत होती, थांबत होती, लिहीत होती. संगीत त्या सगळ्याच्या मध्ये होते. मंचावर आले ते फक्त संगीत, आणि त्याभोवतीची कृती मागे राहिली. तिला स्वतःलाही त्या संध्याकाळी काही वाटले नाही. ती सबंध वेळ लोकांचे चेहरे पाहत होती.

कॉयरमास्टरांना या संध्याकाळच्या तयारीत विचारलेच नव्हते. त्यांनी दोन आठवडे कुणाशी बोलणे टाळले, आणि त्यांचे दुखणे रास्त होते.

दुरुस्ती

सात आठवड्यांनी दुसरा प्रयत्न झाला. आता रचनेचे काम कॉयरमास्टरांकडे आले आणि प्रकरणाला वळण लागले ते इथे.

त्यांनी ८८ व्या स्तोत्राचे आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या चार ओळी अशी सहा कडवी करून घेतली. भक्तिगीतांमध्ये हा छंद इतका रुळलेला आहे की त्यातले शब्द त्याच छंदाच्या कोणत्याही परिचित चालीवर बसतात. मंडळीला तोंडपाठ असलेली एक जुनी चाल घेतली, डी मायनरमध्ये, मूळ स्वर ते पंचम एवढ्याच आवाक्यात. एवढ्या आवाक्यात न शिकलेला आवाजही ताणावा लागत नाही. त्याखाली गिटारचा धरलेला डी आणि ए. साथीत गंधार नाही, तो फक्त लोकांच्या गळ्यातून येतो. लय मिनिटाला पन्नासेक ठोक्यांची. एकाने ओळ सांगायची आणि सर्वांनी ती गायची, ही सतराव्या शतकात स्तोत्रगायनात रूढ झालेली रीत वापरली.

वादक दोनच ठेवले : एक गिटार, एक बास. ड्रमची जागा एका मोठ्या ढोलाने घेतली, तोही प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला एकदाच. ॲम्प वीस वॅटचा, कोपऱ्यातून काढून बाजूच्या भिंतीपासून सव्वा मीटरच्या आत-बाहेर ठेवला. लहरीच्या पाव लांबीइतके हे अंतर असल्याने त्या खोलीत तो स्वर नको तिथे फुगायचा कमी झाला. गाणाऱ्याच्या माइकवर १२० हर्ट्‌झच्या खालचे सगळे कापले, म्हणजे शब्द खर्जात बुडत नाहीत. पातळीची मर्यादा ९१ डेसिबेल, मोजणारा माणूस नेमलेला. दारात इअरप्लग. श्रवणयंत्र असलेल्यांसाठी मागच्या दोन ओळी राखीव.

मंच नाही. खुर्च्या दोन कमानींत समोरासमोर, वादक एका बाजूला, दिवे सगळ्यांवर सारखे. प्रत्येकाच्या हाती छापील स्तोत्र. मजकूर आणि मांडणी स्वतःची आणि चाल जुनी असल्याने परवानगीचा प्रश्न आला नाही. दुसऱ्यांचे गीत घेतले असते तर गाण्याची, छापण्याची आणि प्रक्षेपणाची परवानगी वेगवेगळी पाहावी लागली असती.

गुरगुरता आवाज पूर्णपणे काढायचा का, यावर बराच खल झाला. शेवटी पाचव्या कडव्याला, देव तोंड का लपवतो हे विचारणाऱ्या ओळींना, तो ठेवला. पण आधी तेच कडवे साध्या आवाजात वाचून. शब्द आधी कळलेले असले की तो आवाज आक्रोश म्हणून ऐकू येतो. कळलेले नसले की फक्त कर्कश वाटतो.

सर्वांत कठीण वाद शेवटाचा होता. पाळकांना पुनरुत्थानाच्या गीताने समारोप हवा होता. स्तोत्राच्या शेवटी त्रैक्याचे (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे) स्तवन जोडण्याची जुनी परंपराही त्यांच्या बाजूने होती. तिने ठाम नकार दिला : अंधारात संपणारे स्तोत्र पवित्र शास्त्रात तसेच ठेवले आहे, आपण ते उजळायला घाई का करावी? तोडगा असा निघाला. स्तोत्र जिथे संपते तिथे संपवायचे. गिटारचा सूर आपोआप विरू द्यायचा. चार मिनिटे शांतता. मग येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना, न गाता, सर्वांनी मिळून म्हणायची. ख्रिस्ताने वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, हा आधार पाळकांनी तीन वाक्यांत सांगितला आणि प्रवचन ठेवले नाही. आमच्या मते सबंध प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय होता.

परिणाम

दुसऱ्या संध्याकाळी बावीस माणसे आली, त्यांतली नऊ घरी आजाऱ्याची सेवा करणारी. कुणी उठून गेले नाही, टाळ्या पडल्या नाहीत. दोघांनी नंतर सांगितले की संगीत झेपले नाही, पण शांततेसाठी पुन्हा येऊ. एकाने सांगितले की पुन्हा येणार नाही. उपक्रम दर दोन महिन्यांनी सुरू राहिला आणि हजेरी पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान स्थिरावली. ती वाढवण्याचा प्रयत्न केला गेला नाही.

उपासिका कॉयरमध्ये परतली, पण अटीवर : स्तुतिगीताच्या ब्रिजला तिला वाटले तर ती गप्प राहील, आणि कुणी कारण विचारणार नाही. कॉयरमास्टरांनी महिन्यातून एक विलापाचे स्तोत्र रविवारच्या क्रमात घेतले, गिटारशिवाय. खरे तर मंडळीच्या दृष्टीने हा बदल संध्याकाळच्या उपासनेपेक्षा मोठा ठरला. रूढीबाहेरच्या संगीताने दाखवलेली उणीव रूढ संगीतानेच थोडी भरून काढली.

आईच्या बाबतीत मात्र या संगीताचा काहीच उपयोग झाला नाही. एकदा हळू आवाजात लावून पाहिले, ती अस्वस्थ झाली. तिला शांत करत ते लहानपणी पाठ झालेले भक्तिगीत, साथीशिवाय, लेकीच्या आवाजात. एकाच घरात दोघींची वाट वेगळी होती आणि लेकीने दोन्ही वाटा सांभाळल्या.

काय वेगळे करता आले असते

डॉक्टरांची भेट आणि रात्रीच्या सोबतीची सोय पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. शिस्तीचा टप्पा त्यानंतर सुरू केला असता तर वहीतल्या नोंदींचा अर्थ अधिक नेमका लागला असता. नुसते सांगून भागले नाही. कुणीतरी सोबत जाऊन वेळ घेऊन द्यायला हवी होती.

कॉयरमास्टरांना सुरुवातीपासून घेतले असते तर पहिली फसलेली संध्याकाळ बहुतेक टळली असती. लोकांना गायला लावण्याचे कौशल्य मंडळीत त्यांच्याकडेच होते, आणि ‘वेगळे’ काही करताना नेमके त्यांनाच वगळले गेले.

पहिला प्रयोग चाळीस जणांऐवजी सेवा करणाऱ्या पाच-सहा जणांसोबत, ध्वनिमुद्रणावर, एखाद्या बैठकीच्या खोलीत करता आला असता. सभागृहात जायचे ठरल्यावर रिकाम्या जागेत अर्धा तास खर्ज वाजवून प्रत्येक खुर्चीशी जाऊन ऐकणे, एवढ्या एका चाचणीत ध्वनीच्या निम्म्या अडचणी उघड झाल्या असत्या. मात्र रिकाम्या आणि भरलेल्या सभागृहाचा गुंजारव वेगळा असतो, म्हणून माणसे बसल्यावर पहिल्या कडव्याला पातळी पुन्हा पाहावी लागते.

एका प्रश्नावर पाळक आणि ती यांचे अजून एकमत नाही. तिच्या मते तिला मंडळीपुढे आणण्याचा आग्रह लवकर झाला. आठ आठवड्यांऐवजी निदान सहा महिने ते तिच्याजवळच राहायला हवे होते. पाळक म्हणतात की तितक्या काळात त्या सहा-सात घरांतली आणखी माणसे तुटली असती. नोंदी वाचून आमचा कल तिच्याकडे आहे. त्या घरांसाठी साधी शांत प्रार्थनासभा लगेच सुरू करता आली असती, आणि तिला तिचे संगीत तिच्या गतीने आणू देता आले असते.